मैदानाच्या कडेनं: रोमानियाची क्रिस्टिना आणि ग्वाल्हेरच्या मुली

या खेपेच्या टपालात व्हॉलीबॉलची पत्रं एकगठ्ठा आली, म्हणून बाकीच्या खेळांची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे. ते तसं लांबणं मला गरजेचं वाटलं.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी अकरावीत आहे. उंची पाच फूट नऊ इंच. शाळेच्या संघात स्मॅशर म्हणून खेळते. तिनं क्रिस्टिना पिर्व या रोमानियाच्या खेळाडूबद्दल वाचलं, ती इटलीत आणि ब्राझीलमध्ये जाऊन खेळली म्हणे. तेव्हापासून घरात एकच विषय. मलाही बाहेर जाऊन खेळायचंय, बारावीनंतर कॉलेज नको. तिचे बाबा म्हणतात, व्हॉलीबॉलवर कुणाचं पोट भरलंय? मला दोघांचंही पटत नाही. अशा खेळाडूचं करिअर असतं तरी कसं? आणि आमच्या मुलीनं काय करावं? (एक आई, दौलतगंज, लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : वहिनी, दोघांचंही पटत नाही हे तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत, ते फार बरं केलंत. दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य आहे, पण पुरतं खरं कुणाचंच नाही.

आधी क्रिस्टिनाबद्दल. जन्म १९७२चा, गाव टुर्डा, रोमानियातल्या ट्रान्सिल्व्हेनिया भागातलं. हे साल मुलीला लक्षात ठेवायला सांगा. क्रिस्टिना लहान होती तेव्हा तिच्या देशात चाउशेस्कू या कम्युनिस्ट हुकूमशहाची राजवट होती. त्या काळात तिकडचा खेळाडू म्हणजे जवळजवळ सरकारी नोकरच. बुखारेस्टचा डिनामो क्लब गृहखात्याचा, स्टेआउआ सैन्याचा, रॅपिड रेल्वे कामगारांचा. याश शहरातला महिला व्हॉलीबॉलचा नावाजलेला संघ औषधाच्या कारखान्याचा होता आणि त्याचं नावच पेनिचिलिना. पगार, राहायची सोय, बंदिस्त हॉल, प्रशिक्षक, सगळं अशा खात्यांतून आणि कारखान्यांतून यायचं. शाळकरी मुलांसाठी वेगळे क्रीडा क्लब असायचे, ते आजही आहेत. मात्र परदेशी क्लबकडून खेळायचं म्हटलं की दार बंद. १९८९च्या डिसेंबरात ती राजवट कोसळली, तेव्हा क्रिस्टिना सतरा वर्षांची होती.

म्हणजे तिच्या पिढीच्या पदरात दोन्ही पडलं. लहानपणी जुन्या व्यवस्थेतली कडक तालीम मिळाली आणि कमवायचं वय आलं तेव्हा दार उघडलं. तिच्याआधीच्या मुलींना तालीम होती पण दार नव्हतं. तिच्यानंतरच्या मुलींना दार सताड उघडं मिळालं, पण कारखान्यांचा पैसा आटत गेलेला होता. क्रिस्टिना इटलीत खेळली, ब्राझीलमध्ये बेलो होरिझोंते शहरातल्या मिनास क्लबकडून खेळली. २००२ साली मिनासनं ब्राझीलची सुपरलीग जिंकली, त्या संघात ती होती. पुढे तिनं जिबाशी लग्न केलं. जिबा म्हणजे २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या ब्राझीलच्या पुरुष संघाचा मोठा खेळाडू.

तुमच्या मुलीला यात विमान दिसतं. मला त्यामागचा हंगाम दिसतो. युरोपात क्लबचा हंगाम शरदात सुरू होतो तो एप्रिल-मेपर्यंत चालतो. क्लबमधून सुटका झाली की राष्ट्रीय संघाचं शिबिर. करार बहुधा एका हंगामाचा, फार तर दोन. दुसऱ्या देशात खेळायचं तर आंतरराष्ट्रीय बदली प्रमाणपत्र लागतं आणि त्याला आपल्या देशाच्या महासंघाची संमती लागते. त्यातून इटलीसारख्या लीगमध्ये कोर्टवर ठरावीक खेळाडू त्याच देशाच्या असाव्यात असा नियम असतो, त्यामुळे परदेशी मुलींच्या जागा मोजक्या. ती जागा तिथल्या मुलीपेक्षा उघडउघड सरस असलेलीलाच मिळते. क्लब तिला गुण मिळवायला नेतो, शिकवायला नेत नाही. गुडघा दुखावला, फॉर्म गेला, की पुढचा करार कमी पैशांचा किंवा दुसऱ्याच देशातला. अनोळखी गावात भाड्याचं घर, नवी भाषा, नवा स्वयंपाक, आणि हे सगळं वर्षानुवर्षं. ज्या मुली हे निभावतात त्यांच्याबद्दल मला अतिशय आदर आहे.

म्हणून मुलीला एवढं नक्की सांगा की बाहेर जाणं हा या करिअरचा मधला टप्पा असतो. खेळाडू घरच्याच गावात घडते. टुर्डातली मुलगी खेळ शिकायला ब्राझीलला गेली नव्हती. तयार होऊन गेली होती.

आता आपल्याकडचं चित्र. २०२२पासून सुरू झालेली प्राइम व्हॉलीबॉल लीग पुरुषांची आहे. आपल्या मुलींचा खेळ अजूनही नोकरीच्या आधारावर उभा आहे: रेल्वे, केरळचं वीज मंडळ, वेगवेगळ्या राज्यांचे पोलीस. राष्ट्रीय स्पर्धांत महिलांची खरी चुरस कित्येक वर्षं रेल्वे आणि केरळ यांच्यातच पाहत आलो आहोत. इटलीत जाऊन नाव काढलेला आपला मोठा खेळाडू म्हणजे जिमी जॉर्ज, तोही केरळ पोलिसांतला. १९८२मध्ये तो इटलीला गेला, तिथल्या प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं, आणि १९८७मध्ये तिथंच मोटार अपघातात गेला. परदेशी जाण्याआधी त्याच्या पायाखाली नोकरी होती, विद्यापीठाचा खेळ होता, राष्ट्रीय संघ होता.

तेव्हा तिच्या बाबांना माझा निरोप: व्हॉलीबॉलवर पोट भरतं. माझ्या हाताखाली खेळलेल्या मुली आज रेल्वेत आहेत, घर चालवतात, धाकट्या भावंडांची शिक्षणं करतात. आणि मुलीला निरोप: कॉलेज सोडायचं नाव काढू नकोस. यात मी उपदेश करत नाही, व्यवहार सांगते. आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळायची तर विद्यापीठाची विद्यार्थिनी असावं लागतं, आणि निवड करणारे या स्पर्धा पाहायला येतात. रेल्वेच्या खेळाडू भरतीत बारावीवर खालची श्रेणी मिळते, वरच्या श्रेणीला पदवी लागते. पदवी सोडून खेळाडू व्हायला निघालेली मुलगी आपल्याच हातानं दोन वाटा बंद करते. आपल्या गावात तर १९५७पासून लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्था उभी आहे. देशभरातून मुलं तिथं शिकायला येतात, मीही तिथलीच. लष्कर भागात राहणाऱ्या मुलीला ती सायकलच्या टप्प्यात आहे. बारावीनंतर तिथं प्रवेश मिळाला तर अभ्यास आणि मैदान एकाच आवारात मिळेल.

खेळाचंही सांगते. पाच फूट नऊ इंच आपल्या शाळेत उंच वाटतं. जागतिक दर्जाच्या संघांत स्मॅशर बहुधा सहा फुटांच्या पुढच्या असतात. महिलांचं नेट २.२४ मीटरवर असतं आणि त्या मुलींचा हात उडी मारल्यावर तीन मीटरच्या आसपास पोचतो. म्हणून तुमच्या मुलीनं नुसत्या स्मॅशवर अवलंबून राहू नये. तिचा सर्व्हिस घेण्याचा पास बिनचूक हवा. बाहेरून खेळणारी जी मुलगी सर्व्हिस नीट उचलते आणि मग धावत येऊन मारतेही, तिला कुठलाही प्रशिक्षक बाहेर बसवत नाही. आपल्या शाळांमध्ये उंच मुलीला पहिल्या दिवसापासून नेटजवळ उभं करतात आणि पास दुसरीकडून करून घेतात. सामने जिंकण्यासाठी तसं करतात, पण त्यात त्या मुलीचं नुकसान होतं. रोज अर्धा तास भिंतीशी अंडरहँड आणि अर्धा तास कुणाकडून तरी जोरात सर्व्हिस मारून घेऊन पास, एवढं तिनं स्वतःहून मागून घ्यावं.

एक गोष्ट मात्र मुलींच्या हातात नाही. संध्याकाळी मैदान मुलांचं असतं. मुली कडेला उभ्या राहतात, कोर्ट रिकामं होईपर्यंत अंधार पडतो आणि घरून फोन यायला लागतात. मी शिकवायला लागले तेव्हाही असंच होतं. गावातल्या चार पालकांनी मिळून एखाद्या शाळेकडे मुलींसाठी ठरलेला संध्याकाळचा तास मागितला आणि आळीपाळीनं तिथं बसले, तरी फरक पडतो. तुम्ही सुरुवात करत असाल तर मला कळवा, मी येते.

प्रश्न : ताईंस नमस्कार. मी मिलमधून निवृत्त झालेला, वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी मिलच्या पाळीनंतर आम्ही व्हॉलीबॉल खेळायचो. टोकियो ऑलिंपिकच्या वेळी रोमानियाच्या मुली पदकाच्या अगदी जवळ आल्या होत्या असं आठवतं. माझी नात म्हणते, आजोबा, रोमानिया जिम्नॅस्टिकचा देश, व्हॉलीबॉलचा नव्हे. कोण बरोबर? आणि त्या मुली पुढे गेल्या कुठं? (एक आजोबा, नई सडक)

उत्तर : नाना, आपण बरोबर. नातीलाही दोष नाही, जिम्नॅस्ट नादिया कोमानेचीच्या नावापुढे त्या देशाचे बाकीचे खेळ झाकले गेले.

व्हॉलीबॉल ऑलिंपिकमध्ये आला तोच १९६४ला, टोकियोत. महिलांचे सहाच संघ होते. जपान पहिला, सोव्हिएत संघ दुसरा, पोलंड तिसरा आणि रोमानिया चौथा. अमेरिका आणि दक्षिण कोरिया त्यांच्या मागे. दोइना इवानेस्कू, सोनिया कोल्चेरू या त्या संघातल्या. चौथं येणं हा काही एका स्पर्धेतला चमत्कार नव्हता. १९५६च्या पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत रोमानियाच्या महिलांनी रौप्यपदक जिंकलं होतं. १९६३ची युरोपियन स्पर्धा त्यांच्याच देशात झाली, तिथं त्यांना कांस्य मिळालं आणि त्यांच्या पुरुषांनी सुवर्ण जिंकलं. त्याआधी १९४७मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला, त्या चौदा संस्थापक देशांतही रोमानिया होता.

आपण मिलचे, म्हणून टोकियोची आणखी एक गोष्ट आपल्याला सांगावीशी वाटते. सुवर्ण जिंकणारा जपानी संघ बहुतेक एकाच सूतगिरणीतल्या मुलींचा होता. निचिबो कंपनीची काइझुका इथली गिरणी. दिवसभर काम, मग हिरोबुमी दाइमात्सू या प्रशिक्षकाच्या हाताखाली रात्री उशिरापर्यंत सराव. पडून, गोल फिरून चेंडू उचलायची जी पद्धत आज आपण शाळेतल्या मुलींना शिकवतो, ती या गिरणीच्या मुलींनी जगाला दाखवली. तिकडे गिरणी, याशला औषधाचा कारखाना, आपल्याकडे रेल्वे. मुलीला पगार देऊन तिच्या सरावाची वेळ राखणारं कुणीतरी लागतंच, तेव्हाही आणि आजही.

त्या मुली पुढे गेल्या कुठं, हा आपला प्रश्न मला जास्त आवडला. रोमानियाचा महिला संघ १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकला पुन्हा गेला, आठवा आला, आणि त्यानंतर ऑलिंपिकला पोचला नाही. दरम्यान क्यूबा, चीन, ब्राझील पुढे निघून गेले. नव्वदनंतर खात्यांचा आणि कारखान्यांचा आधार सैल झाला, चांगल्या मुली इटली, तुर्कस्तान अशा देशांच्या क्लबांकडे गेल्या. त्यांनी जावं, त्यांचा तो हक्कच होता. पण राष्ट्रीय संघाला दरवर्षी उन्हाळ्यापुरती एकत्र येणारी माणसं मिळू लागली, आणि वर्षभर एकत्र सराव करणाऱ्या देशांपुढे ते पुरत नाही.

तरी खेळ तिथं संपलेला नाही. ब्लाज नावाचं गाव आहे, ट्रान्सिल्व्हेनियातलंच, वस्ती वीस हजारांच्या आसपास. आपल्या ग्वाल्हेरजवळच्या डबऱ्यापेक्षाही लहान. रोमानियन भाषेतली पहिली सार्वजनिक शाळा १७५४मध्ये इथं सुरू झाली, १८४८ची त्यांची मोठी राष्ट्रीय सभा इथल्याच माळावर भरली. अशा गावाच्या नगरपालिकेच्या नावानं चालणारा महिला व्हॉलीबॉल क्लब, आल्बा ब्लाज, २०१८मध्ये युरोपच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. उपांत्य फेरीत त्यांनी इस्तंबूलच्या गालातासारायला ३-२नं हरवलं. अंतिम सामन्यात वाकिफबँकनं त्यांना ३-०नं नमवलं, पण वाकिफबँक म्हणजे एका मोठ्या बँकेच्या जोरावर उभा राहिलेला, जगातल्या उत्तम संघांपैकी एक. पुढच्याच वर्षी ब्लाजचा संघ सीईव्ही कप या युरोपातल्या दुसऱ्या क्लब स्पर्धेच्याही अंतिम फेरीत होता. त्या संघात परदेशी मुलीही होत्या हे खरं. पण छोट्या गावात महिला खेळाडूंसाठी कुणी पैसा उभा करतं, हॉल भरतो, आणि दुसऱ्या देशांतल्या मुली तिथं नोकरी समजून येतात, ही गोष्ट मला विजेतेपदापेक्षा मोठी वाटते.

नाना, आपल्या शहरात राज्य सरकारची महिला हॉकी अकादमी आहे. तिथं मुली राहतात, शिकतात, खेळतात आणि भारतीय संघापर्यंत जातात. व्हॉलीबॉलसाठी तसंच काही आपल्याकडे व्हावं असं मला फार वाटतं. त्यासाठी जमीन, माणसं, शिकवणारे, काही कमी नाही इथं. मिलच्या काळात पाळीनंतरचे सामने कसे व्हायचे, पाहायला कोण यायचं, ते एकदा सविस्तर लिहून पाठवा. नातीलाच सांगा लिहून घ्यायला.

प्रश्न : मावशी, मी आठवीत आहे. मला व्हॉलीबॉल खूप आवडतो, पण माझी उंची चार फूट दहा इंच आहे. आई-बाबाही उंच नाहीत. वर्गातल्या मुली म्हणतात, तू कबड्डी खेळ. मी व्हॉलीबॉल सोडू का? (इयत्ता आठवी, कंपू)

उत्तर : नाही, बाळ, सोडू नकोस. तुझ्यासारख्या मुलींसाठी १९९८पासून या खेळात एक खास जागा आहे, लिबेरोची. सामना बघशील तर सगळ्या संघात एकीचा शर्ट वेगळ्या रंगाचा दिसेल, ती लिबेरो. ती मागच्या रांगेत खेळते, समोरून आलेली सर्व्हिस आणि स्मॅश उचलते. तिला ब्लॉक करता येत नाही, नेटच्या वरून चेंडू मारता येत नाही, त्यामुळे तिथं उंची कुणी विचारत नाही. विचारतात ते पाय किती चपळ आणि नजर किती तयार. दुसरी जागा बूस्टरची, म्हणजे स्मॅशरला मारण्यासाठी चेंडू उचलून देणारीची. बूस्टरला उंची असली तर बरं, पण हात मऊ आणि डोकं शांत असेल तर शाळा-कॉलेजात तिच्याशिवाय संघ उभा राहत नाही.

आणि तू आठवीत आहेस, अजून वाढशील. रोज दोरीवरच्या उड्या मार, भिंतीवर अंडरहँड कर, आणि कबड्डीही खुशाल खेळ, खाली वाकून पटकन सरकायला ती फार छान शिकवते.

प्रश्न : माझ्या तेरा वर्षांच्या मुलीचा गुडघा व्हॉलीबॉल खेळल्यावर दुखतो. वाटीच्या खाली हाडाचा उंचवटा आल्यासारखा दिसतो. खेळ बंद करावा का? सध्या उन्हाळी शिबिरात सिमेंटच्या कोर्टवर सकाळ-संध्याकाळ सराव असतो. (एक वडील, मुरार)

उत्तर : दादा, आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, मी डॉक्टर नाही. वाढीच्या वयात उड्यांचे खेळ खेळणाऱ्या मुलामुलींना गुडघ्याच्या वाटीखाली, जिथं मांडीच्या स्नायूची शिर नडगीच्या हाडाला जुळते, तिथं असं दुखणं बऱ्याचदा होतं. हाड वाढत असतं आणि उडीगणिक शिर ते ओढत असते. बहुतेकांचं वाढ पूर्ण झाल्यावर थांबतं. पण तोवर दुखणं दाबून खेळायला लावू नका, आणि शिबिरातल्या कुणी वेदनेच्या गोळ्या देऊन उभं केलं तर तिला तिथून घरी आणा.

सिमेंटवर दोन वेळा उड्या हे या वयाला जास्त होतं. शिबिराच्या सरांशी बोला आणि एक वेळ बंद करा. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, तेव्हा सराव पहाटेचाच ठेवावा आणि आठच्या आत संपवावा. जोडे जाड तळव्याचे आणि मापाचे हवेत, वाढता पाय म्हणून एक नंबर मोठे घेऊ नका, त्यानं पाऊल आत सरकतं आणि घोटाही मुरगळतो. डॉक्टर परवानगी देतील तेव्हाही पहिले काही आठवडे नेटजवळ उड्या नकोत. खाली उभं राहून पास, बूस्टिंग आणि जमिनीवरून सर्व्हिस, एवढं करू द्या. मांडीचे पुढचे-मागचे स्नायू ताणायचे व्यायाम रोज करून घ्या. सराव झाल्यावर बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावा, थेट कातडीवर नको.